मुलानं गेममध्ये दुसऱ्याला गंडवलं असेल, तर घरी काय करायचं

गेममध्ये आपल्या पोराचं काही गेलं की घरभर कळतं. रडारड होते, जेवण राहतं, फोन आपटला जातो. आपल्या पोरानं दुसऱ्याचं काही घेतलं, तर मात्र कुणाला पत्ता लागत नाही. फार तर 'आज भारी ट्रेड मारला' एवढं कानावर येतं, आपण 'अरे वा' म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो.

ही कृती त्या दुसऱ्या प्रसंगासाठी आहे. साधारण आठ ते पंधरा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. खेळ घेतलेत ते रोब्लॉक्स, फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया). नाशिकला सिडकोतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा सुट्टीत निफाडला मामाच्या ओट्यावर मुलं डोकी एकत्र करून बसली असतील, तर बहुतेक यातलंच काहीतरी चाललेलं असतं.

आधी चाल ओळखा

मुलाशी बोलायच्या आधी पालकाला चाल कळलेली हवी. नाहीतर मूल दोन-चार गेममधले शब्द तोंडावर फेकतं आणि आपण गप्प बसतो.

रोब्लॉक्सवरच्या 'अडॉप्ट मी'सारख्या खेळात देवाणघेवाणीची एक खिडकी असते. दोघं आपापल्या वस्तू तिच्यात ठेवतात, दोघं होकार देतात, मग पुन्हा एकदा पक्कं करतात, आणि त्याच क्षणी दोन्हीकडचा माल बदलतो. ही खिडकी नीट वापरली तर कुणी काही न देता पळूच शकत नाही. त्यामुळे फसवणाऱ्याकडे मुख्यतः दोन वाटा उरतात: समोरच्याला खिडकीबाहेर काढायचं, नाहीतर खिडकीतच त्याची नजर चुकवायची.

खिडकीबाहेर काढायची सर्रास चालणारी तऱ्हा म्हणजे 'ट्रस्ट ट्रेड'. आधी तू दे, मग मी देतो. कारण काहीही सांगितलं जातं: माझ्या वस्तू एका ट्रेडमध्ये मावत नाहीत, तुझा विश्वास तपासतोय, व्हिडिओ बनवतोय. द्राक्षाच्या हंगामात परगावचा व्यापारी गाडी भरून माल नेतो, 'पैसे आठ दिवसांत' म्हणतो आणि फोन बंद करून टाकतो. हे आपल्या जिल्ह्यात इतक्या बागायतदारांनी सोसलंय, की दिंडोरी-पिंपळगावकडच्या मुलाला ट्रस्ट ट्रेड समजावायला दुसरं उदाहरण लागत नाही. 'तुझा पेट (गेममधला पाळीव प्राणी) मी नियॉन (चमकणारा, जास्त किमतीचा) करून देतो' म्हणून उसना घेणं किंवा एका गेममधली वस्तू दुसऱ्या गेममधल्या वस्तूवर बदलणं हे याच जातीचं. दोन गेमना मिळून एक खिडकी नसते, म्हणजे कुणीतरी एक जण आधी देणार आणि दुसरा पळायला मोकळा.

नजर चुकवायची असेल तर भारी वस्तू ठेवतात, शेवटच्या क्षणी काढतात आणि तशीच दिसणारी हलकी वस्तू ठेवतात. खरी करामत बोटांची नसते, चॅटमध्ये चाललेल्या 'लवकर कर, मला जायचंय' या घाईची असते. वस्तू बदलली की खेळ पुन्हा होकार मागतो आणि काही सेकंद थांबवतो. ते सेकंद समोरच्यानं बघण्यात घालवू नयेत, म्हणून ही गडबड.

तिसरी चाल दोघांची. एक जण चॅटमध्ये ओरडतो, 'अमुक वस्तू कुणाकडे असेल तर मी तिच्यासाठी मोठा पेट देईन.' त्याचा जोडीदार नेमकी तीच स्वस्तातली वस्तू घेऊन शेजारी उभा असतो आणि ती महागात विकतो. विकत घेणारं मूल पहिल्याकडे वळतं, तोवर तो गायब. हिच्यात खिडकीचा प्रत्येक नियम पाळला जातो, म्हणून मुलं छातीठोकपणे सांगतात, 'मी काहीच चुकीचं केलं नाही.'

फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआयमध्ये अशी मोकळी देवाणघेवाण नाही, तिथे व्यवहार होतो तो आख्ख्या 'आयडी'चा, म्हणजे खात्याचा. आयडी गुगल किंवा फेसबुकच्या लॉग-इनला बांधलेला असतो. विकणारा पासवर्ड देतो, पैसे घेतो आणि दोन दिवसांनी जुन्या मोबाइल नंबरवरून किंवा ईमेलवरून खातं परत ओढतो. आयडी विकणं दोन्ही कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे गंडलेल्याला तिकडे दाद मागायची सोय राहत नाही. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

शेवटची तऱ्हा सगळ्यात वाईट: फुकट रोबक्स किंवा डायमंड (रोब्लॉक्स आणि फ्री फायरमधलं विकतचं चलन) देणारं खोटं पान, ज्यावर मूल आपला पासवर्ड टाकतं. किंवा 'हा कोड ब्राउझरमध्ये पेस्ट कर' असं सांगणं. ब्राउझरमध्ये लॉग-इन टिकवून ठेवणारी एक कुकी असते, ती दुसऱ्याच्या हाती गेली की पासवर्ड नसतानाही तो खात्यात शिरतो. आपलं मूल असे दुवे पुढे पाठवत असेल, तर ते ट्रेडच्या हुशारीपलीकडे गेलंय. त्याबद्दल खाली.

फसवणूक कशाला म्हणायचं

इथे पालकांची गल्लत होते, आणि मुलं ती बरोबर पकडतात. फायद्याचा ट्रेड ही फसवणूक नाही. रोब्लॉक्सवरच्या 'स्टील अ ब्रेनरॉट' या खेळामध्ये दुसऱ्याच्या तळावरून वस्तू पळवणं हाच खेळ आहे, आणि तिथे आलेला प्रत्येक जण ते मान्य करूनच आलेला असतो. त्यावरून मुलाला चोर म्हटलंत, तर पुढचं एकही वाक्य ते ऐकणार नाही.

कसोटी एकच ठेवा: तू जे लपवलंस ते समोरच्याला माहीत असतं, तर त्यानं होकार दिला असता का? वस्तूची किंमत खोटी सांगितली, जोडीदार लपवला, 'परत देतो' म्हणताना परत द्यायचं नव्हतंच, तर ती फसवणूक. समोरचा आपल्याच वयाचा आणि आपल्याइतकाच मुरलेला असेल आणि आपण फक्त गप्प बसलो, तर तो खेळ. समोरचं मूल सात वर्षांचं, कालच खेळायला लागलेलं असेल आणि आपण त्याच्या अजाणतेपणावर माल उचलला असेल, तर नियमात काहीही लिहिलेलं असो, आमच्या मते तो परत करावा.

'गेमच तर आहे' याचं उत्तर

उपदेश करू नका, हिशेब मांडा. कागद-पेन्सिल मुलाच्याच हातात द्या.

अडॉप्ट मीमध्ये एकाच जातीचे चार पेट पूर्ण वाढवले की एक नियॉन होतो. तसे चार नियॉन पुन्हा शेवटच्या टप्प्यापर्यंत वाढवले की एक मेगा नियॉन. म्हणजे १६ पेट वाढवायचे, मग ४ नियॉन वाढवायचे. एकूण २० वेळा खाऊ घाल, झोपव, आंघोळ घाल. आता मुलाला विचारा, एक पेट पूर्ण वाढवायला तुला किती वेळ लागतो? तो आकडा त्याचा त्यालाच सांगू द्या आणि २० नं गुणू द्या. उत्तर मिनिटांत आलं तर ६० नं भागून तास करा. घेतलेला पेट मेगा नियॉन असेल, तर एवढे तास त्यानं एका 'भारी ट्रेड'मध्ये कुणाकडून तरी घेतले. वस्तू रोबक्स देऊन किंवा डायमंडनं घेतलेली असेल तर हिशेब थेट रुपयांत मांडता येतो, आणि ते रुपये कुणाच्या तरी आईबाबांनी भरलेले असतात.

लहान मुलांना, म्हणजे दहाच्या आतल्यांना, गुणाकारापेक्षा मनुका चांगल्या कळतात. दोन मुलं हवीत, भावंडं चालतील. प्रत्येकानं पाढ्याची एक ओळ न चुकता म्हणायची आणि एक मनुका कमवायची, अशा दहा. एका कागदावर मधोमध रेघ मारा, ही झाली खिडकी. दोन-तीनदा सरळ अदलाबदल होऊ द्या. मग मोठ्या मुलाला बाजूला घेऊन सांगा, पुढच्या वेळी 'आधी तू दे' म्हण आणि पाच मनुका खाऊन टाक. लहानाचं तोंड बघण्यासारखं होतं. लगेच भूमिका बदला, आणि शेवटी दोघांना सारख्या मनुका द्या. मनुका नुसत्या वाटल्या तर हा प्रयोग फसतो. फुकट मिळालेलं गेलं तर मुलांना फारसं वाईट वाटत नाही. कमावणं हाच त्यातला कळीचा भाग.

मोठ्या मुलांची उत्तरं तयार असतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे 'माझ्यासोबतपण असंच केलं होतं.' हे बहुतेक वेळा खरं असतं, त्यामुळे ते खोडू नका. आधी त्याचं काय गेलं होतं ते नीट ऐकून घ्या, कारण तेव्हा ते कुणी ऐकलेलं नसतं. मग एवढंच विचारा, 'ज्यानं तुझं घेतलं, त्याच्याकडूनच तू परत घेतलंस का?' उत्तर नाही असंच येणार. त्यानं ते तिसऱ्याच कुणाकडून घेतलेलं असतं. 'स्कॅमरला स्कॅम केलं' या नावाचे व्हिडिओ बघून मुलांना वाटतं की समोरचा लुच्चाच असणार, पण तो तसा आहे हे ठरवलं कुणी?

'तो मूर्ख होता, त्याला कळायला नको?' या उत्तरावर आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटतो तो उलट प्रश्न: 'सर्व्हरवर इतके जण होते, तू त्यालाच का निवडलंस?' मूल थांबतं. नवीन दिसणारा, चॅटमध्ये चुका करणारा, सगळ्यांना 'हाय' करत फिरणारा खेळाडू त्यानं मुद्दाम हेरलेला असतो, आणि हे त्याचं त्याला माहीत असतं.

बोलायला बसताना

वेळ संध्याकाळची, घरात पाहुणे नकोत. वीस मिनिटं पुरतात. फोन मुलाच्याच हातात राहू द्या आणि 'तो ट्रेड कसा झाला ते दाखव' म्हणा. हिसकावून घेतला तर पहिल्या मिनिटात चॅट उडतं, खातं उडतं, आणि परत करायची वाटही बंद होते. शिक्षा होणारच नाही असं वचन देऊ नका. 'आज खातं डिलीट करणार नाही' एवढं मात्र द्या आणि पाळा.

फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका. आत्या-काकांच्या चार शहाण्या मेसेजनंतर मूल खरं बोलणं बंद करतं.

परत करण्याची रीत

१. आधी स्क्रीनशॉट घ्या: ट्रेडची नोंद, चॅट, समोरच्याचं प्रोफाइल. रोब्लॉक्सवर वर दिसणारं नाव अनेकांचं सारखं असू शकतं, म्हणून @ लावलेलं नाव लिहून घ्या. प्रोफाइलच्या दुव्यात जो आकडा असतो तो नाव बदललं तरी तोच राहतो, तोही लिहा. फ्री फायरमध्ये यूआयडी आणि बीजीएमआयमध्ये कॅरेक्टर आयडी असाच आकडी असतो.

२. वस्तू अजून आपल्याकडे असेल तर खिडकीतूनच परत करायची, समोरची बाजू रिकामी ठेवून. झालेला ट्रेड उलटा फिरवणारं बटण नसतं, नवा ट्रेडच करावा लागतो. शेजारी बसा, पण टाइप मुलालाच करू द्या. 'मी तुला फसवलं, ही तुझी वस्तू, घे' एवढं पुरे. समोरचं मूल आधी घाबरतं, नवीन डाव वाटून दोनदा नकार देतं. वाईट वाटून घेऊ नका, त्यानं आता तसंच वागायला हवं.

३. वस्तू पुढे गेली असेल तर तेवढ्याच किमतीची दुसरी द्यायची. किंमत ठरवायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा, आपल्या मुलाचा नाही. यात मुलाचा आवडता पेट जाऊ शकतो. बाजारातून नवीन रोबक्स घेऊन भरपाई करून देऊ नका, नाहीतर दंड आपल्याला होतो, त्याला नाही.

४. समोरच्यानं ब्लॉक केलं असेल किंवा तो सापडतच नसेल, तर दुसरं खातं उघडून त्याचा माग काढू नका. वस्तू न वापरता पंधरा दिवस ठेवा. तोवर गाठ पडली नाही तर एखाद्या अगदी नवख्या खेळाडूला देऊन टाका; मित्राला नाही.

माफी मागताना खरं नाव, शाळा, फोन नंबर, फोटो यातलं काही द्यायचं नाही, आणि बोलणं व्हॉट्सॲपवर किंवा डिस्कॉर्डवर न्यायचं नाही. पलीकडे लहान मूलच आहे याची खात्री आपल्याला नसते. अपराधी वाटणाऱ्या मुलाकडून काय वाट्टेल ते काढून घेता येतं, हेही लोकांना माहीत असतं. 'तू माझं घेतलंस, आता दोन हजार टाक, नाहीतर पोलिसांत जाईन' असा मेसेज आला तर उत्तर पालकांनी द्यायचं, आणि पैसे द्यायचे नाहीत.

आयडी किंवा पैसे घेतले असतील तर

दुसऱ्याच्या खात्यात शिरलं असेल, तर त्यातल्या वस्तूंना हात न लावता आपण लावलेला ईमेल, फोन आणि दोन टप्प्यांची पडताळणी काढून मूळ मालकाचा ईमेल परत टाकायचा आणि सगळीकडून लॉग-आउट व्हायचं. पुढे 'पासवर्ड विसरलो'मधून तो स्वतः नवीन पासवर्ड घेईल. चॅटमध्ये पासवर्ड पाठवू नका, तो तिसराच कुणी वाचायचा.

पैसे यूपीआयवर आले असतील तर ते ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तेवढेच, पालकानं पाठवायचे आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवायचा. 'दुसऱ्या नंबरवर टाका' म्हटलं तरी ऐकू नका. गिफ्ट कार्डाचा कोड घेतला असेल तर एकदा वापरलेला कोड परत देता येत नाही, तेवढी रक्कमच परत करावी लागते.

याची घाई का करायची, तर मुलं पैसे घेतात ते आईच्या किंवा आजोबांच्या यूपीआयवर. समोरच्या घरानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते रोखून धरायला बँकेला सांगितलं जातं. तक्रार दुसऱ्या राज्यातली असली तरी. पाचशे रुपयांच्या आयडीपायी आजोबांचं पेन्शनचं खातं अडकलं, तर ते सोडवायला हेलपाटे आपल्यालाच.

कायदा मुलाला धाक म्हणून सांगू नका, पण पालकाला माहीत असू द्या. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ सी खाली येतं, आणि संगणक किंवा फोनवरून दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणं ६६ डी खाली. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. साधी फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा धरत नाहीत. सात ते बारामध्ये त्याला परिणाम समजत होता का हे बघतात. अठराच्या आतल्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. खोट्या पानांचे दुवे पाठवणारं चौदा-पंधरा वर्षांचं मूल बऱ्याचदा एकटं नसतं, मागे कुणी मोठा माणूस हिस्सा देत असतो. असं दिसलं तर घरच्या घरी मिटवू नका. मुलाला सोबत घेऊन सायबर पोलिसांकडे जा. शहरात राहत असाल तर नाशिक शहर पोलिसांकडे, निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे असाल तर नाशिक ग्रामीणकडे. जवळचं ठाणंही तक्रार घेतं.

उलट आपल्याच मुलाचे पैसे गेले असतील तर आधी १९३०, मग बँक, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर लेखी तक्रार, याच क्रमानं. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत फोन लागला तरच ते थांबतात. प्ले स्टोअरवर मुलानं न विचारता खरेदी केली असेल तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परतावा मागा.

नंतर

शिक्षा लांबवू नका. आठवडाभर ट्रेड बंद, खेळणं चालू. हे आम्हाला महिनाभर फोन बंद करण्यापेक्षा बरं वाटतं. फोन बंद झाला की मूल मित्राच्या फोनवर, मित्राच्या आयडीनं खेळतं, आणि तिथे काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

त्याच आठवड्यात तीन गोष्टी लावून टाका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी. रोब्लॉक्सवर पालकाचं खातं जोडून महिन्याच्या खर्चाला मर्यादा. गेम ज्या गुगल किंवा फेसबुक खात्याला बांधलाय, त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी. यूपीआयचा पिन मुलाला माहीत असेल तर तो आजच बदला.

पंधरा दिवसांनी एकदा मुलासोबत ट्रेडच्या नोंदी बघा. एखादी भारी वस्तू कुठून आली ते त्याला सांगता येत नसेल, किंवा फोनमध्ये दुसरं खातं निघालं, तर पुन्हा कागद-पेन्सिलपासून सुरुवात. फसलेलं मूल वर्गातलंच असेल तर दोन्ही घरच्या मोठ्यांनी आधी आपापसात फोनवर बोलून घ्यावं आणि वस्तू परत झाल्यावरच वर्गशिक्षकांच्या कानावर घालावं, आधी नको.